कढीपत्त्यावरच्या अळ्या ठेवायच्या की काढायच्या?

कुंडीवाली_मुलुंड

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावर एकमत होत नाही, म्हणून धागा काढतेय.

बाल्कनीत कढीपत्त्याची मोठी कुंडी आहे. पाऊस ओसरायला लागला की तिच्यावर अळ्या दिसतात. लहान असताना काळपट-पांढऱ्या, चिमणीच्या शिटेसारख्या, आणि मोठ्या झाल्या की हिरव्यागार. शेंड्याची कोवळी पानं बघता बघता साफ. सासूबाई म्हणतात, फोडणीला पान उरत नाही, चिमट्याने उचल आणि खाली टाक. मी म्हणते, ही फुलपाखरांची लेकरं आहेत, राहू द्या.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. फुलपाखरं यावीत म्हणून जो तो फुलझाडं सुचवतो. झिनिया लावा, पेंटास लावा, एक्झोरा लावा. पण फुलपाखरू फुलावर येऊन जेवून जातं. ते राहतं, वाढतं ते पानांवर. अंडी घालायला त्यांना जी झाडं लागतात, त्यांतली कुठली मुंबईत कुंडीत जगतात? अळ्यांना एक पानही द्यायचं नाही आणि फुलपाखरं मात्र हवीत, हे मला पटत नाही. तुमचे अनुभव लिहा. माझं म्हणणं पटलं नाही तर तेही लिहा.

दहिसरकर_दादा

ठेवा. ठेवा. ठेवा.

रानवाटा

छान धागा. कुंडीवाली, तुमच्याकडे लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन, बहुतेक दोन्ही येत असणार. लिंबू, कढीपत्ता, बेल ही एकाच कुळातली झाडं, आणि या दोघांना ती चालतात. काळ्या पंखांवर पिवळे ठिपके आणि मागच्या पंखांना शेपटी नाही, ते लाइम. काळा रंग, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ आणि शेपटी, तो मॉर्मनचा नर. मॉर्मनची मादी तीन रूपांत दिसते. एक नरासारखीच, बाकीची दोन कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ या विषारी फुलपाखरांची नक्कल करणारी. त्यामुळे कढीपत्त्याभोवती लाल ठिपक्यांचं फुलपाखरू घुटमळताना दिसलं तर ती मॉर्मनची बाई असण्याची शक्यता मोठी.

अंडी घालताना बघण्यासारखं असतं. मादी पानावर टेकते आणि पुढच्या पायांनी भराभर टकटक करते. पायांनी ती पानाची चव घेत असते. झाड बरोबर आहे अशी खात्री पटली की पोट वाकवून एकच पिवळसर गोल अंडं चिकटवते आणि पुढच्या पानाकडे जाते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि बहुतेक वेळा पहिलं जेवण म्हणजे स्वतःच्या अंड्याचं कवच. मग साधारण दोन आठवडे खाणं आणि चार वेळा कात टाकणं.

हिरव्या झालेल्या अळीला काडीने अगदी हलकं टोचून बघा. डोक्यामागून लालसर-नारिंगी दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुंग्या आणि छोटे शिकारी किडे त्याने मागे हटतात. एकदा बघा, पुन्हा पुन्हा छळू नका, तिची ताकद खर्च होते.

सुगरण_परळ

सासूबाई आणि अळ्या, दोघींनाही कढीपत्ता कोवळाच हवा, इथेच सगळी अडचण आहे. :)

माझ्याकडचा तोडगा: दोन कुंड्या. एक स्वयंपाकाची. तिच्यावर जुन्या मच्छरदाणीचं कापड चार काठ्यांवर ताणून बसवलंय, खाली कुंडीच्या काठाला दोरीने घट्ट बांधलंय. फुलपाखराला आत जाता येत नाही, म्हणजे अंडीच नाहीत. दुसरी कुंडी पूर्ण त्यांची. पहिल्या कुंडीवर चुकून अळी दिसली तर पानासकट दुसरीवर नेऊन ठेवते. पान नाही, तिलाच ओढून काढलं तर पायांना इजा होते.

वाडीवाला_वसई

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये.

आमच्या वाडीत लिंबं आहेत. मोठ्या झाडाला या अळीने काही होत नाही, हे मी मान्य करतो. एक फांदी बोडकी झाली तरी झाड दाद देत नाही. पण वर्ष-दोन वर्षांचं रोप असेल तर तीन-चार मोठ्या अळ्या त्याची सगळी पालवी संपवतात आणि रोप वर्षभर मागे पडतं. ज्याचं पोट त्यावर आहे त्याला 'राहू द्या' म्हणणं परवडत नाही. आम्ही फवारत नाही, हाताने वेचतो आणि बांधावरच्या जुन्या ईडलिंबावर सोडतो. पण वेचतो. बाल्कनीतलं प्रेम आणि वाडीतला हिशोब यांत फरक आहे, एवढंच सांगायचं होतं.

कुंडीवाली_मुलुंड

वाडीवाला, राग कशाला? रोप आणि मोठं झाड यांतला फरक तुम्ही सांगितलात, तो मला हवाच होता. माझा कढीपत्ता माझ्या खांद्याएवढा आहे, त्यामुळे तो सोसेल. सुगरण, मच्छरदाणी आजच शोधते.

चौदावा_मजला_कुर्ला

इतक्या उंचीवर येतात का पण? की हे सगळं तळमजल्याचं सुख?

अशोकवन_गिरगाव

येतात. मुलाकडे कांदिवलीला अकराव्या मजल्यावर लिंबाच्या कुंडीवर अळ्या मी स्वतः पाहिल्यात. लाइम आणि मॉर्मन दोन्ही दमदार उडणारी. खाली झाडी असेल तर वर येण्याचं प्रमाण वाढतं. मात्र वारा फार असेल तर कुंड्या भिंतीच्या आडोशाला हव्यात.

आता आमच्या चाळीचं सांगतो. मागच्या आवारात सरळसोट अशोक आहेत, ज्यांना सगळे अशोक म्हणतात पण जे खरे सीतेचे अशोक नव्हेत, ते. या झाडांवर टेल्ड जे आणि कॉमन जे ही फुलपाखरं अंडी घालतात. टेल्ड जे म्हणजे काळ्यावर हिरवे ठिपके, एका जागी कधी न थांबणारं. फुलातला रस पितानाही पंख थरथरत असतात, त्यामुळे फोटो काढणाऱ्यांचा जीव मेटाकुटीला येतो. त्याची मादी अंडी ठेवते ती तांबूस, लुसलुशीत नव्या पालवीवर. आणि आपल्या सोसायट्यांमध्ये नेमकी ही पालवी फुटली की छाटणीवाला बोलावतात! झाड टोकदार दिसावं म्हणून. छाटून खाली पडलेल्या ढिगात किती अंडी-अळ्या गेल्या याचा कुणी विचारच करत नाही. आमच्याकडे मी भांडून एवढं मिळवलं की सगळी झाडं एकाच दिवशी छाटायची नाहीत. अर्धी आता, अर्धी नवी पालवी जून झाल्यावर.

सीताफळ आणि सोनचाफ्यावरही टेल्ड जे येतं. सीताफळ मोठ्या ड्रममध्ये व्यवस्थित वाढतं.

निळी_छत्री

अर्धी-अर्धी छाटणी! हे आमच्या सोसायटीच्या सभेत मांडणार. धन्यवाद काका.

आईपण_डोंबिवली

मी विरुद्ध बाजूने लिहितेय. माझ्या लेकीला मागच्या पावसाळ्यात शाळेजवळच्या शेवग्याखाली खेळताना सुरवंट लागला. मान आणि हात लालबुंद, रात्रभर रडली. तेव्हापासून अळी दिसली की मला धडकी भरते. सगळ्याच अळ्या गोंडस नसतात, हे लोकांना सांगायला हवं.

रानवाटा

आईपण, तुमची भीती अगदी रास्त आहे. शेवग्यावरचे केसाळ सुरवंट पतंगांचे असतात, पावसाळ्यात खोडावर झुंडीने बसलेले दिसतात. त्यांच्या केसांनी आग होते. दुसरी सांभाळायची ती हिरवी, पाठीवर निळ्या पट्ट्यांची, काटेरी गाठींची बुटकी अळी. आंबा, माड, एरंड यांच्या पानांखाली असते. तिचा दंश गांधिलमाशीची आठवण करून देतो.

कढीपत्त्यावरची, लिंबावरची, रुईवरची, कण्हेरीवरची फुलपाखरांची अळी चावत नाही, डसत नाही. मुलांना एकच नियम शिकवायचा: केस किंवा काटे असलेल्या कुठल्याही अळीला हात लावायचा नाही. काट्यांच्या काही अळ्या निरुपद्रवी असतात, पण तो फरक मोठ्यांनी ओळखायचा, मुलांनी नव्हे.

औषधवाली

केस लागलेच तर चोळू नका, खाजवू नका. चिकटपट्टी त्या जागेवर दाबून उचला, दोन-तीनदा नवी पट्टी घेऊन. मग साबण-पाण्याने धुवा, बर्फ कापडात गुंडाळून ठेवा. कपडे लगेच बदला, केस कापडातही अडकतात. डोळ्यात गेलं असेल किंवा श्वासाला त्रास वाटला तर घरी वेळ न घालवता डॉक्टर गाठा.

आणि रुई, कण्हेर लावणार असाल तर हेही वाचा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. कण्हेर सगळीच विषारी. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर या कुंड्या हाताशी ठेवू नका.

आईपण_डोंबिवली

चिकटपट्टीचं माहीत नव्हतं. लिहून ठेवते. कढीपत्त्यावरच्या अळ्यांना आता घाबरणार नाही, पण शेवग्याखाली पावसाळ्यात नाही म्हणजे नाही.

रानवाटा

कुंडीवालीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, तो राहूनच चाललाय.

मुंबईत सगळ्यात सोपं आणि हमखास म्हणजे हळदीकुंकू, लाल-पिवळ्या फुलांचं ते रोप. कुंडीत आरामात येतं, बियांनी पसरतं. त्यावर प्लेन टायगर अंडी घालतं. रुई कुंडीत लावायची गरज नाही, रेल्वेच्या रुळांकडेला आणि मोकळ्या भूखंडांवर ती भरपूर आहे. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या माळा विकायला असतात, त्यांतल्या पानांच्या मागेही मला अंडी मिळालीत. प्लेन टायगरची अळी काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या मिशांच्या तीन जोड्या. ती खाण्याआधी काय करते ते जरूर बघा: पानाची शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते आणि मग पुढचा भाग खाते. थोडं विष तरी पोटात जातंच आणि ते अंगात साठतं, म्हणून पक्षी तिला आणि पुढे फुलपाखरालाही टाळतात.

कण्हेरीवर कॉमन क्रो. त्याचा कोष एकदा तरी बघावा. पानाखाली लटकलेला, आधी सोनेरी, मग रुपेरी, आणि इतका चकचकीत की आपल्या हाताची हालचाल त्यात दिसते. हा रंग कुठल्याही रंगद्रव्याचा नाही. कोषाच्या आवरणात एकावर एक पातळ थर असतात आणि त्यांवरून प्रकाश परततो.

कृष्णकमळाच्या वेलीवर टॉनी कोस्टर. कुंडीत एरंड ठेवला तर कॉमन कॅस्टर. बहावा आवारात असेल तर एमिग्रंट येतात, पिवळसर-पांढरी. आणि पानफुटीवर रेड पिएरो, पण त्यावर कुणीतरी वेगळं लिहावं.

पानफुटीप्रेमी_ठाणे

मी लिहिते! रेड पिएरो माझ्या घरचंच झालंय.

बोटाच्या पेराएवढं फुलपाखरू, वरून काळं-नारिंगी, पंख मिटले की पांढऱ्यावर काळे ठिपके आणि नारिंगी पट्टा. दूर उडत नाही, कुंड्यांच्या आसपासच भिरभिरतं. पानफुटीच्या जाड पानावर अंडं ठेवतं. अळी बाहेर येते आणि सरळ पानाच्या आत शिरते. वरची साल तशीच, खालची तशीच, मधला गर ती खात पुढे जाते. पान उजेडासमोर धरलं की आत फिरणारी अळी स्पष्ट दिसते आणि तिने मागे सोडलेली काळी विष्ठाही. खाऊन झालेलं पान फुग्यासारखं पोकळ होतं. लोकांना वाटतं झाडाला रोग पडला, आणि अख्खी कुंडी फेकून देतात. कृपया फेकू नका. कोष करायला अळी बाहेर येते आणि देठावर, पानाखाली किंवा कुंडीच्या काठाखाली बसते.

पानफुटीचं पान जमिनीवर पडलं तरी कडेने रोपं फुटतात, त्यामुळे ती संपत नाही. कितीही खाऊ द्या.

टवाळ_बोरीबंदर

म्हणजे भाडेकरू आतून घर खाऊन टाकतो आणि घरमालकीण खूश! मुंबईत असं घर कुठे मिळतं ताई, पत्ता द्या.

पानफुटीप्रेमी_ठाणे

:) पागडी नाही, डिपॉझिट नाही. फक्त फवारणी करायची नाही, ही एकच अट.

मधली_आळी

माझ्याकडे वेगळीच गोष्ट घडतेय. नर्सरीतून लिंबाचं सुंदर रोप आणलं. मॉर्मनने अंडी घातली, अळ्या बाहेर आल्या आणि दोन-तीन दिवसांत काळ्या पडून मेल्या. पुन्हा तेच. रोप टवटवीत आहे, अळ्या मरतायत. कारण काय असेल?

वाडीवाला_वसई

रोपाला औषध दिलेलं असणार. काही कीटकनाशकं मुळातून वर जाऊन पानात भिनतात, वरून धुऊन काही उपयोग नसतो. अशा रोपाची आहेत ती पानं छाटा, नवी पालवी दोनदा तरी येऊन जाऊ द्या, मग अळ्यांसाठी वापरा. त्यापेक्षा बी लावलेलं किंवा ओळखीच्याकडून आणलेलं रोप बरं. आणि अळ्यांना पान कमी पडलं म्हणून बाजारातली कढीपत्त्याची जुडी घालू नका, ती फवारलेली असू शकते.

मधली_आळी

हेच असणार. रोप आणल्या आठवड्यातच अंडी पडली होती. धन्यवाद, छाटून टाकते.

डबेवाली_चेंबूर

मी अळ्या घरात आणून डब्यात वाढवते. झाकणाला भोकं, खाली कागद, रोज ताजी पानं, रोज सफाई. बाहेर ठेवल्या तर मुंग्या, पाली, पक्षी यांपुढे फार थोड्या टिकतात. घरात बहुतेक सगळ्या फुलपाखरं होऊन बाहेर पडतात. मुलांना कोष ते फुलपाखरू हा सगळा प्रवास डोळ्यांसमोर दिसतो. हे चांगलंच आहे ना?

दहिसरकर_दादा

शिंप्याची पिल्लं काय खाणार मग?

डबेवाली_चेंबूर

दादा, एका वाक्यात धागा पेटवता तुम्ही!

दहिसरकर_दादा

पेटवत नाही, खरंच विचारतोय. आमच्या खिडकीत तगरीवर शिंप्याचं घरटं होतं. आई-बाप दिवसभर आणत होते त्यात बहुतेक अळ्याच. बुलबुल, दयाळ, सगळ्यांच्या पिल्लांना अळी लागते. शेकडो अंड्यांतून दोन-चारच फुलपाखरं होणं हा निसर्गाचा अन्याय नाही, त्यावर बाकीचं घर चालतं. बाल्कनीत अळ्यांचं झाड ठेवलंत की तुम्ही पक्ष्यांनाही जेवायला बोलावलंत.

रानवाटा

दादांशी सहमत, पण डबेवालीचंही चुकत नाही. मुलांना दाखवायला एक-दोन अळ्या आत आणाव्यात, बाकीच्या झाडावर राहू द्याव्यात. डब्यात गर्दी झाली की रोग पसरतो आणि सगळ्या एकदम जातात.

आत आणल्या तरी गांधिलमाश्यांचा प्रश्न सुटत नाही, हे लक्षात ठेवा. मुंगीपेक्षाही लहान गांधिलमाश्या असतात. काही फुलपाखराच्या अंड्यातच स्वतःचं अंडं घालतात, काही अळीत, काही नुकत्याच झालेल्या मऊ कोषात. कोष तपकिरी पडला, बाजूला टाचणीएवढं भोक दिसलं आणि त्यातून हिरवट चमकणाऱ्या माश्या बाहेर आल्या तर दचकू नका. तो कोष त्यांचा झाला.

वाडीवाला_वसई

अंड्यात अंडं घालणारी ती माशी आम्हा शेतकऱ्यांची मैत्रीण आहे. उसाच्या खोडकिडीसाठी तिची कार्डं विकत मिळतात, ट्रायकोकार्ड म्हणतात. कार्ड पानाला टाचायचं, माश्या बाहेर पडतात आणि किडीची अंडी शोधतात. औषधाची फवारणी केली की आधी या मरतात.

कुंडीवाली_मुलुंड

कोष बनताना काय काळजी घ्यायची? गेल्या वेळी मोठी अळी झाडावरून उतरून चालायला लागली, ती कुठे गेली कळलंच नाही.

डबेवाली_चेंबूर

तेच तिचं ठरलेलं वागणं. खाणं संपलं की पोट साफ करते, एक मोठी ओलसर विष्ठा टाकते, आणि झाड सोडून जागा शोधत फिरते. ग्रिलच्या आडव्या पट्टीखाली, झाडूच्या दांड्यावर, बादलीच्या कडेला, कुठेही सापडेल. रेशमाने शेपटीकडचं टोक चिकटवते आणि पाठीभोवती रेशमाचा कमरपट्टा घालते, मग स्थिर होते. कोष आसपासच्या पृष्ठभागानुसार हिरवा किंवा तपकिरी होतो. त्या दिवसांत बाल्कनी धुताना ग्रिल पुसू नका. साधारण आठ-दहा दिवसांत पहाटे किंवा सकाळी फुलपाखरू बाहेर येतं. पंख ओले, चुरगळलेले असतात. ते लटकून राहतं आणि अंगातला द्रव पंखांत सोडून ते उघडतं. त्याला लटकायला खाली मोकळी जागा हवी. खाली लालसर थेंब पडतो, ते रक्त नाही, कोषातल्या काळात साठलेला मळ आहे. मदत म्हणून कोष सोलायला जाऊ नका, पंख कायमचे वाकडे राहतात.

तगर_माहीम

अवांतर. दहिसरकर दादांनी तगरीचं नाव काढलं म्हणून. आमच्या तगरीवर करंगळीपेक्षा जाड हिरवी अळी आहे, डोक्यामागे दोन निळे डोळे, मागे पिवळसर शिंग. बायको बाल्कनीत पाय ठेवायला तयार नाही. खाली फरशीवर मिरीएवढ्या काळ्या गोळ्या पडतात.

रानवाटा

ओलिअँडर हॉक मॉथ. ते डोळे खरे नाहीत, पक्ष्याला दचकवायला आहेत. शिंग मऊ असतं, टोचत नाही. तगर, कण्हेर, सदाफुली या तिन्हींवर येते. रंग हिरव्याचा तपकिरी व्हायला लागला की ती खाली उतरणार, पालापाचोळ्यात किंवा मातीत कोष करायला. कुंडीत वाळक्या पानांचा थर ठेवा. पतंग पाहिलात तर वहिनीच फोटो काढायला धावतील: हिरव्या-गुलाबी नक्षीचे पंख.

जुनी_मुंबई

थोडा इतिहास. अळ्या पाळून, कुठली अळी काय खाते याच्या नोंदी करण्याची आपल्याकडची परंपरा मुंबईशी जोडलेली आहे. बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ साली इथे सुरू झाली. तिच्या आठ संस्थापकांपैकी एक एडवर्ड हॅमिल्टन एटकन, मीठ आणि जकात खात्यातले अधिकारी. पुढे डेव्हिडसन, बेल आणि एटकन यांनी कारवारच्या बाजूच्या जंगलांतल्या फुलपाखरांवर संस्थेच्या जर्नलमध्ये लिहिलं. त्यातले बेल हे वनखात्यातले. त्यांनी अळ्या आणि त्यांच्या खाद्यवनस्पतींवर पुढेही कितीतरी वर्षं काम केलं. आज आपण 'कढीपत्त्यावर मॉर्मन' असं सहज म्हणतो, त्यामागे अशा माणसांनी पानापानावर घातलेला वेळ आहे.

आणि २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं देशातलं पहिलं राज्य. तेही लिंबाच्याच कुळावर वाढतं. पपनस, माकडलिंबू चालतं. कोकणात परसातलं पपनस तोडताना याचाही विचार व्हावा.

निळी_छत्री

ब्लू मॉर्मन राणीच्या बागेत पाहिलंय. तळहातापेक्षा मोठं, काळं आणि फिकट निळं. आजूबाजूच्या सगळ्यांनी माना वर केल्या होत्या.

धूर_नको

एक मुद्दा कुणीच काढला नाही. आमच्या भागात धूर फवारणारा माणूस येतो तो सरळ झाडांच्या कुंपणात नळी घालतो. दुसऱ्या दिवशी पायवाटेवर मेलेली फुलपाखरं, चतुर, मधमाश्या. याविरुद्ध सगळ्यांनी मिळून अर्ज द्यावा.

आईपण_डोंबिवली

इथे मी तुमच्याशी सहमत नाही. आमच्या घरात डेंग्यू होऊन गेलाय, प्लेटलेट्स मोजत काढलेले दिवस विसरता येत नाहीत. माणसाचा जीव आधी.

औषधवाली

दोघांनाही जोडणारी गोष्ट सांगते. धुराने उडणारा डास मरतो, पाण्यातली डासाची अळी मरत नाही. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक साठा कोरडा करणं हा खरा इलाज. आणि आपण बागप्रेमींच्या कुंड्यांखालच्या ताटल्या हा त्यातला मोठा साठा आहे! ताटल्या काढून टाका किंवा त्यांत वाळू भरा. रुग्ण सापडलेल्या इमारतीत धूर करावाच लागतो, त्याला विरोध नको. पण फुललेल्या कुंपणात नळी खुपसण्याऐवजी जिने, गटारं, अडगळीच्या जागा करा, असं सांगता येतं. आमच्या सोसायटीने सांगितलं, ऐकलं गेलं.

धूर_नको

हे पटलं. अर्जाचा मसुदा असाच करतो, ताटल्यांचं कलम सगळ्यात वर.

आंबा_पार्ले

वाड्याच्या जागी इमारत झाली तरी आमचा आंबा वाचलाय, त्याबद्दल दोन गोष्टी.

एक, कॉमन बॅरन. त्याची अळी दाखवूनही दिसत नाही. हिरवी, दोन्ही बाजूंना पिसांसारखे लांब आडवे काटे, पाठीवर एक फिकट रेघ. ती पानाच्या मधल्या शिरेवर अशी बसते की तिची रेघ शिरेवर येते आणि काटे पानाच्या हिरव्यात मिसळतात. नातवाला खालच्या फांदीवर बोट ठेवून दाखवलं तरी 'कुठे, आजोबा?' चालूच. ही डसत नाही.

दोन, बांडगूळ. आंब्यावर बांडगूळ आलं की लोक मुळासकट खरवडून काढायला सांगतात. पण कॉमन जेझबेल, ज्याला आपण हळदीकुंकू फुलपाखरू म्हणतो, ते बांडगुळावरच अंडी घालतं, घोळक्याने. फुलटोचा पक्षी त्याच्याच फळांवर जगतो. झाड सगळं व्यापलं असेल तर काढावंच, आंबा मरू द्यायचा नाही. पण एखाद्या टोकाच्या फांदीवरचं राहू द्या. आमच्याकडे तसंच ठेवलंय. आंबे लागतायत, जेझबेलही आहेत.

सायकसवाली

आमच्या सोसायटीच्या प्रवेशद्वारावर सायकस आहेत. नवी पानं आली की छोट्या अळ्या सगळी कुरतडतात, वर मुंग्याही. सेक्रेटरी औषध मारायला निघालेत.

रानवाटा

प्लेन्स क्युपिड. छोटं निळसर फुलपाखरू. मुंग्या अळ्यांना खात नाहीत, त्यांच्या अंगातून पाझरणारा गोड रस पितात आणि बदल्यात राखण करतात. अळ्या फक्त मऊ पालवी खातात. पान एकदा कडक झालं की तिकडे बघतही नाहीत. सेक्रेटरींना शोभेची काळजी असेल तर नवी पानं कडक होईपर्यंत दोन झाडांवर जाळी टाकायला सांगा, एक उघडं ठेवा.

आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण झाला असेल तर सगळा एकदम पुसू नका. एपफ्लाय नावाच्या फुलपाखराची अळी पान खातच नाही, ती पिठ्या ढेकूण खाते. अंगावर त्यांचीच पांढरी भुकटी असते, म्हणून ती त्यांच्यातलीच वाटते. भिंगातून बघितलं तर जाडसर, हळू सरकणारी वेगळी दिसते.

चौदावा_मजला_कुर्ला

मांसाहारी अळी! जास्वंदीसाठी औषध आणायला निघालो होतो, आधी भिंग काढतो.

जुनी_मुंबई

शिकायला कुठे जाऊ असं विचारणाऱ्यांसाठी: धारावी-सायनच्या मध्ये महाराष्ट्र नेचर पार्क, पूर्वीच्या कचराभूमीवर उभं राहिलेलं. गोरेगावला फिल्म सिटीच्या मागे बीएनएचएसचं केंद्र. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान तर आहेच. आणि ठाण्याला घोडबंदर रोडवर ओवळा गावात राजेंद्र ओवळेकर यांची ओवळेकर वाडी. त्यांनी आपल्या जमिनीवर फुलपाखरांच्या अळ्यांना लागणारी झाडं लावून ती उभी केली. कुठलं झाड कुणासाठी हे तिथे समोरच दिसतं. ऊन चढायला लागतं तेव्हा, सकाळी जा. सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम.

कुंडीवाली_मुलुंड

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! घरात झालेला ठराव असा: मच्छरदाणीतली कुंडी सासूबाईंची, उघडी कुंडी माझी. मात्र काल त्यांनीच हाक मारून ग्रिलखालचा कोष दाखवला आणि बाईला सांगितलं की आठवडाभर तिथे फडकं लावायचं नाही. कुंडीखालच्या ताटल्या काढल्या. आता हळदीकुंकू आणि पानफुटी हवी. मुलुंड-ठाण्यात कुणाकडे जास्तीची आहे का? नर्सरीतलं रोप मधली_आळीच्या अनुभवानंतर नको वाटतंय.

पानफुटीप्रेमी_ठाणे

पानफुटीची चार पानं पुरतील, ओल्या मातीवर नुसती ठेवा. रविवारी सकाळी ठाणे स्टेशनला, पूर्वेकडे तिकीट खिडकीपाशी देते. पानांच्या आत कुणी असेल तर तेही तुमचं.

वाडीवाला_वसई

हळदीकुंकवाच्या शेंगा आमच्या बांधावर तडकायला आल्यात. बी काढून पाकिटात घालतो. ज्यांना हवं त्यांनी व्यक्तिगत संदेशात पत्ता द्या. बी वरवर पेरा, खोल नको, आणि पहिली दोन पानं येईपर्यंत ऊन कमी.

मधली_आळी

मलाही बी. संदेश पाठवलाय.

आईपण_डोंबिवली

मलाही. लेक म्हणतेय अंडं कसं दिसतं ते आधी बघायचंय. पानाच्या खालच्या बाजूला असतं ना?

रानवाटा

प्लेन टायगरचं बहुतेक खालच्या बाजूला, एकेकटं, पांढरट, उभं. लाइमचं कोवळ्या पानावर, गोल, पिवळसर. भिंग घ्या, आणि चीक हाताला लागला तर डोळे चोळण्याआधी हात धुवायला सांगा.